तीन तास स्वतःचे

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



काल दिवसभर आपण पोटगी, पोलीस ठाणं आणि कोर्टाच्या तारखा यांवर बोललो. आज मी सिनेमा-पुस्तकांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चला, आता जरा विरंगुळा!" मग तिथूनच सुरुवात करू या. विरंगुळा कुणाच्या वाट्याला येतो आणि बाईनं तो घेतला तर काय होतं?

मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा आम्हाला 'उंबरठा' दाखवला होता. जब्बार पटेलांचा १९८२ सालचा चित्रपट, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरचा. स्मिता पाटीलनं केलेली सुलभा आमच्यासारखीच समाजकार्य शिकलेली. चित्रपट संपला आणि आम्ही वह्या काढल्या. संस्थेतली सत्ता, कुटुंबाची भूमिका, मुद्दे एक ते सात. मला रडू आलं होतं, पण ते कुणाला सांगितलं नाही. सिनेमा तपासायचा कसा हे आम्ही चांगलं शिकलो. तो नुसता आवडणं मात्र उथळपणाचं वाटायचं.

ही सवय मोडली २०२३ मध्ये. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' जूनअखेरीस लागला आणि गावोगावच्या बायका नटूनथटून, घोळक्यानं थिएटरात जायला लागल्या. आमच्या वस्तीतल्या बचत गटानंही धरलं, ताई, आम्हाला न्या. मी नाक मुरडलं. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा? सवाष्णींच्या व्रताबद्दल आपण इतकी वर्षं काय बोलत आलो? तरी गेले. आम्ही सोळाजणी होतो. त्यातल्या पाचजणी लग्नानंतर पहिल्यांदाच थिएटरात आल्या होत्या.

मध्यंतरात एकीनं घरी फोन करून पाणी भरलं का विचारलं. दुसरी समोसा खाताना म्हणाली, "आज याचे पैसे कुणाला विचारायचे नाहीत." तिसरी उत्तरार्धात गाढ झोपली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. नंतर मैत्रिणी तिला चिडवायला लागल्या तर म्हणाली, "एवढं गार, एवढी मऊ खुर्ची, आणि कुणी उठवत नाही. माझे पैसे वसूल!"

परतताना रिक्षात आमची एक तरुण मैत्रीण म्हणाली, "ताई, पिच्चर लई आवडला. पण आमच्या जातीत मंगळागौर कधी नव्हतीच. आणि आता माझा मालक वारलाय. म्हंजे मला दोन्हीकडनं बंदी." जी टीका मी डोक्यात घेऊन गेले होते ती तिनं दोन वाक्यांत केली, आणि पोटभर हसून झाल्यावर केली. तिला कुणी चर्चेचे मुद्दे दिले नव्हते.

त्याच रात्री आमच्यातल्या एकीला नवऱ्यानं दार उघडलं नाही. साडेनऊला पोचलेली बाई बारापर्यंत पायरीवर बसली. शेवटी गटातल्या पाचसहाजणी जमून दार वाजवायला लागल्या तेव्हा कडी निघाली. आमच्या केंद्राच्या नोंदवहीत त्रासाचं कारण लिहायचा रकाना असतो. तिथं दारू, हुंडा, संशय असं लिहिलं जातं. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'सिनेमा पाहायला गेली म्हणून.' काल आपण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल बोललो. राहत्या घरात राहण्याचा हक्क त्या कायद्यानं तिला दिलेला आहे. म्हणजे कालचा विषय आणि आजचा विषय वेगळे नाहीत.

तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा 'गोष्टींचा तास' घेतो. वस्तीत मोबाईल बहुतेक नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात, म्हणून एका कार्यकर्तीच्या घरी टीव्हीवर पाहतो. किरण राव यांचा 'लापता लेडीज' पाहिला. त्यातल्या फूलला सासरच्या गावाचं नावसुद्धा धड सांगता येत नाही. त्यावर आमच्या बायका स्वतःच्या लग्नाच्या आठवणी सांगत रात्री दहापर्यंत बसल्या. स्टेशनवर टपरी चालवणारी मंजूमाई सगळ्यांची लाडकी झाली.

ते काम केलं छाया कदमनं. मग तिचाच दुसरा चित्रपट हवा, असा आग्रह झाला. पायल कपाडियाचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट', २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालेला. त्यात ती पार्वती आहे. रत्नागिरीकडची विधवा, मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी. वर्षानुवर्षं त्याच घरात राहिली, पण हाती कागद नाही, म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो. चित्रपट संथ आहे, दोघीतिघी कंटाळल्या. पण पुढच्या बैठकीला दोघी आपल्या खोलीचे कागद पिशवीत घालून घेऊन आल्या. "ताई, यात माझं नाव कुठं आहे का बघा." मालमत्तेच्या हक्कावर मी त्याआधी तीन सत्रं घेतली होती. तेव्हा कुणी कागद आणले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, बघा, सिनेमाचा उपयोग होतो. इथंच जरा थांबू या. दर वेळी कागद निघालाच पाहिजे असा हट्ट धरला तर त्याचंही प्रशिक्षण होईल, आणि बायका यायच्या बंद होतील. खुर्चीत झोपलेली ती बाई माझ्या हिशेबी तितकीच महत्त्वाची आहे. तिला तीन तास मिळाले, ते तिचे होते.

तुम्ही आपापल्या गटात हे सुरू करणार असाल तर चार गोष्टी सांगते. वेळ नळाच्या पाण्याची आणि स्वयंपाकाची गाठ पाहून ठरवा. विधवा, एकट्या, टाकलेल्या बायकांना आधी बोलवा. पुस्तक घेतलंत तर मोठ्यानं वाचा. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमचं' आम्ही असंच वाचलं. वाचता न येणाऱ्या मैत्रिणी त्यावर सगळ्यांत जास्त बोलल्या. संपल्यावर पहिला प्रश्न 'काय आवडलं?' एवढाच विचारा.

आणि शेवटी प्रत्येकीला घरापर्यंत सोबत करा. दार उघडेपर्यंत तिथंच थांबा.