खुर्ची एक, पायऱ्या सात

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेर घोडेगावकडचे, सासर जुन्नरचे. म्हणजे आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांतच माझा जन्म चालला आहे. तरी आज विषय घेतला आहे तो जरा लांबचा, फ्रीमेसन लोकांचा. नाव ऐकून दचकू नका. गोष्ट त्यांची असली तरी प्रश्न आपला आहे. मंडळाला पंचवीस वर्षे झाली. पुढची पंचवीस कोण चालवणार?

माझे मामेभाऊ मुंबईला फोर्टात नोकरीस होते. त्यांच्या कचेरीतले एक वयस्कर साहेब या मंडळींपैकी होते. भाऊ सुट्टीत आले की मी खोदून खोदून विचारीत असे. बाकीचे माझ्या लेकीने वाचून दाखविले.

मेसन म्हणजे गवंडी, पाथरवट. इंग्लंड-स्कॉटलंडात मोठमोठी देवळे बांधणाऱ्या पाथरवटांचे जे संघ असत, त्यांच्याशी ही मंडळी आपले नाते सांगतात. लंडनला १७१७ साली त्यांचे पहिले मोठे मंडळ स्थापन झाले. त्यांच्या गावोगावच्या शाखेला लॉज म्हणतात. आता त्यांत कोणी छिन्नी हातोडा चालवीत नाही; वकील, डॉक्टर, व्यापारी असे सगळे असतात. पण गुण्या, कंपास, ओळंबा ही गवंड्याची हत्यारे त्यांनी खूण म्हणून ठेवली आहेत. भिंत जशी ओळंब्यात, तसे वागणे सरळ असावे, असा त्याचा अर्थ. आपसांत बंधुभाव ठेवायचा, दानधर्म करायचा, हे त्यांचे काम. विधी बंद दाराआड होतात, म्हणून आपल्या देशात कितीतरी गावांत लोकांनी त्यांच्या इमारतीला ‘जादूघर’ असे नाव ठेवले.

असे संघ आपल्याला नवे आहेत असे मात्र समजू नका. आपल्या जुन्नरभोवतीचे डोंगर लेण्यांनी भरलेले आहेत. वनभोजनाला आपण तिथे जातो, टाक्याचे पाणी पितो आणि परत येतो. त्या लेण्यांत ब्राह्मी अक्षरांत लेख आहेत. एका लेखात लिहिले आहे की सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दान दिले. श्रेणी म्हणजे त्या काळचे मंडळच. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या पैशाचा उल्लेख आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. एका माणसाकडे ठेव ठेवावी तर माणूस आज आहे, उद्या नाही. श्रेणी टिकते, एक गेला तर दुसरा उभा राहतो, असा भरवसा असल्याशिवाय कोण पैसे ठेवील? आपल्या मंडळाकडे भिशीचे पैसे ठेवणाऱ्या बायकांचाही भरवसा तोच आहे.

आता त्या फ्रीमेसनांची मला आवडलेली रीत सांगते. त्यांच्यात कोणी एकदम अध्यक्ष होत नाही. नवा सभासद आधी उमेदवार, मग कारागीर, मग मास्तर अशा तीन दीक्षा घेतो. नंतर कामाच्या पायऱ्या लागतात. पहिली स्टुअर्डची. जेवणाच्या वेळी वाढायचे, कोणाला काय हवे नको पाहायचे. दुसरी आतल्या दाराच्या राखणदाराची. कोण आले ते वरच्यांना सांगून मग दार उघडायचे. तिसरी आणि चौथी डीकनची, धाकट्या आणि थोरल्या. निरोप पोचवायचे, नवख्याला हाताला धरून सभेत फिरवायचे. पाचवी आणि सहावी वॉर्डनची, हेही धाकटा आणि थोरला. हे अध्यक्षाचे दोन हात. सातवी पायरी अध्यक्षाच्या खुर्चीची. बहुतेक ठिकाणी प्रत्येक पायरीवर एक वर्ष. म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्याने आधी वाढप केलेले असते, दार राखलेले असते, निरोप पोचविलेले असतात. शिवाय सभेखेरीज तालमीच्या बैठका होतात. तिथे धाकटी मंडळी मोठ्यांच्या जागी बसून सभा चालविण्याचा सराव करतात.

आणि वर्ष संपले की अध्यक्ष खुर्ची सोडतो. पण घरी बसत नाही. नव्या अध्यक्षाच्या डाव्या हाताला बसतो, आणि नवा अडखळला की हळूच शब्द पुरवितो. सून पहिल्यांदा पुरण वाटायला बसली की सासू जवळ पाट घेऊन बसते. डाळ किती शिजली, गूळ किती घालायचा ते सांगते. पण वरवंटा सुनेच्या हातात असतो. त्याच रीतीचे हे.

चिटणीस मात्र पुष्कळदा वर्षानुवर्षे तोच राहतो, कारण कागदपत्रांना सवयीचा हात लागतो. सगळेच दर वर्षी बदलावे असे त्यांनाही वाटत नाही.

दुसरी गोष्ट दाराची. मुंबईत माणेकजी करसेटजी नावाचे एक पारशी गृहस्थ होते. त्यांना फ्रीमेसन व्हायचे होते. युरोपियनांच्या लॉजने घेतले नाही. ते पॅरिसला जाऊन दीक्षा घेऊन आले, तरी मुंबईचे दार बंदच. तेव्हा डॉक्टर जेम्स बर्न्स या स्कॉटिश माणसाने १८४३ साली हिंदी लोकांना घेणारे लॉज मुंबईत काढले. त्याचे नाव ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’, म्हणजे पश्चिम हिंदुस्थानचा उगवता तारा. याच माणेकजींनी पुढे १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा नावाची इंग्रजी शाळा काढली. आणि १९६१ साली तर सबंध भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज झाले. ज्यांना दारातून परत पाठविले, पुढे घर त्यांनीच चालविले! दार उघडले नसते तर गोरे साहेब गेले त्या दिवशी कुलूप लागले असते.

आपल्याला मात्र त्या लॉजांत प्रवेश नाही, ती पुरुषांचीच. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी निराळी शाखा आहे. ॲनी बेझंटबाई १९०२ साली तिच्यात दाखल झाल्या. त्यांचे दार बंद म्हणून त्यांची चांगली रीत घेऊ नये असे थोडेच आहे?

पायऱ्या बांधल्या की सारे आपोआप होते असेही नाही. अमेरिकेत १९५९ साली फ्रीमेसन चाळीस लाखांहून अधिक होते. आज दहा लाखही उरले नाहीत. जिथे नवे येत नाहीत तिथे जुनेच अध्यक्ष फिरून फिरून खुर्चीवर बसतात, नाही तर कालच्या माणसाला घाईघाईने वर चढवितात. आणि केवळ रांगेत उभा होता म्हणून नालायक माणूसही वर पोचतो. म्हणून पायरी हवी, आणि पायरीवर पारखही हवी.

आता आपल्या घरात येऊ. अध्यक्षाबाईंनी हे मंडळ उभे केले तेव्हा बसायला सतरंजी नव्हती. शिवणवर्ग, पुस्तकांचे कपाट, एकादशीचे भजन, भिशी, हे सारे त्यांच्या कष्टाचे. त्यांच्याविषयी आदर आहे म्हणूनच स्पष्ट बोलते. गेल्या वर्षी चिटणीसबाई लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने गेल्या, आणि खात्यावर पैसे असून शिवणयंत्राची दुरुस्ती करता आली नाही. सह्या दोघींच्याच, आणि वह्या कुठल्या कपाटात हेही दुसरीला ठाऊक नाही. अशाने श्रेणी टिकत नसते.

आपल्या तालुक्यांतले कितीतरी पुरुष मुंबईला डबे पोचवायला गेले. त्यांचा गट असतो, गटाला मुकादम असतो. एखादा आजारी पडला म्हणून त्याच्या गिऱ्हाइकाचे जेवण अडू देत नाहीत. त्याची वाट दुसऱ्याला माहीत असते. आपले धनी, दीर, भाऊ हे करू शकतात, तर आपल्याला का जमू नये?

तरुण सुना मंडळात येत नाहीत अशी आपली नेहमीची तक्रार. पण सभा आपण दुपारी तीनला ठेवतो. तेव्हा कोणी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडत असते, कोणी शाळेत, दवाखान्यात, बँकेत नोकरीवर असते. आल्याच तर आपण त्यांना चहा करायला पाठवितो आणि पंचवीस वर्षे चहाच करू देतो. फ्रीमेसनांच्यातही पहिली पायरी वाढपाचीच आहे. फरक इतकाच की त्यांच्यात ती एक वर्षाची असते.

आणखी एक दार आहे. बोलू की नको असे झाले होते, पण आज बोलते. आपला वर्धापनदिन हळदीकुंकवाने सुरू होतो. आपल्याच आळीत हिशेबाला चोख, अक्षर मोत्यासारखे, अशा बाया आहेत. नवरा गेल्यापासून त्या या दिवशी घराबाहेर पडत नाहीत. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामपंचायतीत ठराव करून विधवांच्या अपमानाच्या चाली बंद केल्या. आपण तर बायकांचे मंडळ! खजिनदार शोधीत आपण गावभर फिरतो, आणि जी उत्तम खजिनदार होईल तिला उंबऱ्याबाहेर ठेवतो. हळदीकुंकू करायचे तर सर्वांना लावू या, नाही तर नुसती फुले देऊ या.

तेव्हा माझी विनंती अशी. अध्यक्षपद दोन वर्षांचे असावे. दर वर्षी पस्तिशीच्या आतल्या दोघींना पहिल्या पायरीवर घ्यावे, आणि वर्षाने त्यांना पुढे सरकवावे: सतरंजी-चहा, मग हजेरी, मग निरोप आणि नव्या सभासदांची ओळख, मग चिटणीस किंवा खजिनदार यांच्या हाताखाली वहीकाम, मग उपाध्यक्ष. महिन्यातली एक सभा रात्री जेवणे झाल्यावर घ्यावी आणि ती धाकट्यांनी चालवावी; इतिवृत्त त्यांनी लिहावे, आभारही त्यांनीच मानावेत. बँकेत सह्या तिघींच्या असाव्यात, त्यांपैकी कोणत्याही दोघींच्या चालाव्यात. आणि मावळत्या अध्यक्षांनी नवीच्या डाव्या हाताला बसावे. ती मानाची जागा समजावी.

हे केवळ मंडळापुरते नाही. आपल्या राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. जागा मिळते, पण सभा कशी चालवायची, हिशेब कसा विचारायचा हे कोणी शिकविलेले नसते. मग खुर्ची बाईची आणि बोलतो नवरा. ती शाळा कुठे भरावी? ती इथेच, या सतरंजीवर भरली पाहिजे.

अध्यक्षाबाई, रोपाला पाणी तुम्ही घातले, आता सावलीतही तुम्हीच बसायचे आहे. पण त्या झाडाला नवी फांदी फुटू द्या. माझी विनंती पुढच्या सभेत ठराव म्हणून मांडावी, आणि तो ठराव आपल्यातल्या सर्वांत धाकट्या सभासदेने वाचावा, एवढे सुचवून मी आपली रजा घेते.

जय हिंद.