हुकूम कोणत्या खात्यात?

आम्ही गिरणीच्या दारावर वाढलेली माणसे. हुकूम निघाला की तो कोणत्या खात्यात उतरतो, हे आम्ही आधी पाहतो. इस्ट्रोजेनचा हुकूम झेलणारे प्रथिन पेशीद्रवात असते व संप्रेरक भेटल्यावरच केंद्रकात शिरते, असे पूर्वी मानीत. १९८४ साली अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी दाखविले की, ते बहुतांशी मुळातच केंद्रकात असते. थोडे पेशीपटलापाशीही आढळते. वनस्पतींत हे प्रथिनच नाही. त्यांच्या ब्रासिनोस्टेरॉइडांचा ग्राहक पेशीपटलावर उभा असतो.

हे ज्ञान कोरडे नव्हे. स्तनाच्या कर्करोगात गाठीच्या पेशींत हा ग्राहक सापडला, तर टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनची जागा अडवून धरते. म्हणून भगिनींनो, गाठ लपवू नका. तपासा, आणि ग्राहकाचा निकाल मागून घ्या.