पेनड्राइव्ह आधी की संगणक?

मंडळी, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणावी आणि घरी पेनड्राइव्ह उघडावा, तर आपले फोल्डर गायब! त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट. बहुतेक जण घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात. खरं तर फायली सहसा तिथेच असतात; त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे शिक्के मारून लपवलेलं असतं. फॉरमॅट करून आपणच त्या घालवतो.

शॉर्टकट मोठा कावेबाज. डबल क्लिक केलं की आधी एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि मागोमाग खरा फोल्डरही उघडतो. लग्नाचे फोटो दिसले की संशय कुठला यायला? तोवर स्क्रिप्टने स्वतःची प्रत संगणकात ठेवलेली असते आणि दर वेळी आपोआप सुरू होण्यासाठी रजिस्ट्रीत किंवा स्टार्टअपमध्ये नोंदही केलेली असते. मग जो पेनड्राइव्ह लावाल, तो बाधित. पूर्वी नुसता लावला तरी पुरायचं. फेब्रुवारी २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधलीही पेनड्राइव्हची ऑटोरन सोय बंद करायला घेतली. या शॉर्टकटला आपला क्लिक लागतो, आणि आपण तो देतो.

म्हणून आधी संगणक, मग पेनड्राइव्ह. इंटरनेट तोडा. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो चालवा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे व्हायरसला जागं होऊन लपायला वेळ मिळत नाही. नंतर टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी आणि टास्क शेड्युलर बघा. काढलेला व्हायरस दुसऱ्या दिवशी परततो, तो बऱ्याचदा तिथल्याच एखाद्या नोंदीमुळे. मग पेनड्राइव्ह स्कॅन करा, ‘अ‍ॅट्रिब’ कमांडने शिक्के उतरवा आणि शॉर्टकट पुसा.

आता पुन्हा लागण का होते? अपडेट टाळल्यामुळे. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ रोजी जगभर संगणक ओलीस धरले. त्याने वापरलेली फट बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. दोन महिने! दुसरं कारण बोलायला जरा अवघड आहे, कारण ते या सभागृहातही असेल: क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा,’ असं त्याच्याबरोबर लिहिलेलं असतं. घरफोड्याने कुत्रा बांधायला सांगावं आणि आपण बांधावा, तसलाच हा प्रकार.

एक खोड ब्राउझरचीही. नको ते एक्स्टेंशन काढलं, विंडोजही नव्याने टाकलं, पण खात्यात सिंक चालू असेल आणि एक्स्टेंशन त्या यादीत राहिलं असेल, तर लॉगिन करताच ते परत हजर! सिंक थांबवून ते सगळीकडून काढा.

लागण झाली की पासवर्डही बदलायचे, पण ते निरोगी यंत्रावरून. बाधित संगणकावर नवा टाइप केलात तर तोही चोराच्या हाती जाऊ शकतो. शिवाय ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. ब्राउझरमधली चालू लॉगिनची कुकी चोरीला गेली असेल, तर चोराला पासवर्ड लागतच नाही.