विनोद दुआ आणि विचारण्याचा हक्क



या व्याख्यानमालेत बहुधा साहित्यिकांवर बोलले जाते. मी आज एका दूरचित्रवाणी पत्रकाराविषयी बोलणार आहे, आणि तोही हिंदीतला. पण आपल्यापैकी ज्यांनी १९८०च्या दशकात निवडणुकीचे निकाल दूरदर्शनवर पाहिले, त्यांना विनोद दुआ हे नाव परके नाही.

दुआंचा जन्म १९५४ चा. फाळणीत डेरा इस्माईल खान सोडून दिल्लीत आलेले हे कुटुंब. १९७४ मध्ये ते दूरदर्शनवर आले. पुढे, मतपत्रिकांची मोजणी दिवसचे दिवस चाले त्या काळात, प्रणय रॉय इंग्रजीत आकड्यांचा अर्थ लावत आणि दुआ तो तिथल्या तिथे हिंदीत सांगत. घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या मंडळींना या कामाची अवघड बाजू समजावून सांगायला नको.

त्यांचे मोठे काम मात्र १९८५ चे, ‘जनवाणी’ या कार्यक्रमातले. मंत्री समोर बसलेले आणि साधी माणसे त्यांना थेट प्रश्न विचारत आहेत, तेही सरकारच्याच दूरदर्शनवर! रुग्णाला मध्येच तोडू नये, नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येईल असे विचारू नये, असे हानेमान आम्हा डॉक्टरांना सांगून गेले. दुआंच्या मुलाखती पाहताना मला ते आठवे. त्यांचा आवाज चढत नसे. आजच्या अनेक चर्चांत आरडाओरडा भरपूर असतो, पण उत्तर ऐकायची कोणालाच गरज वाटत नाही.

२००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये एका कार्यक्रमातील सरकारवरच्या टीकेवरून त्यांच्यावर हिमाचल प्रदेशात राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. ३ जून २०२१ रोजी न्या. उदय लळित आणि न्या. विनीत सरन यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने तो रद्द केला. हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची टीका राजद्रोह ठरत नाही, हे केदारनाथ सिंह खटल्यातले १९६२ चे तत्त्व प्रत्येक पत्रकाराला लागू आहे, असे न्यायालयाने सांगितले. दहा वर्षे अनुभवी पत्रकारावर समितीच्या संमतीशिवाय गुन्हा नोंदवू नये, ही दुआंची दुसरी मागणी मात्र फेटाळली गेली. मला ते योग्य वाटते. ‘जनवाणी’त विचारणाऱ्याकडे कुठे दहा वर्षांचा अनुभव होता? विचारण्याचा हक्क ज्येष्ठतेने मिळत नाही. तो नागरिकाचा आहे.

४ डिसेंबर २०२१ रोजी दुआ गेले. आपल्या मंडळात नगरसेवक, आमदार येतात. आपण शाल-श्रीफळ देतो, भाषण ऐकतो आणि चहाला उठतो. रस्त्याचे, शाळेचे, मराठी वर्गांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. माझी विनंती एवढीच आहे : यापुढे प्रत्येक कार्यक्रमात प्रश्नांसाठी दहा मिनिटे ठेवा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. सुरुवात माझ्यापासूनच करा.