बाटलीवरची एक ओळ

माझं गाव भातकुली. अमरावतीपासून जवळ, पण खारपाणपट्ट्यातलं. काळी जमीन, कापूस आणि तूर. २००३ च्या उन्हाळ्यात मी पुण्याहून सुटीवर घरी आलो होतो. पुण्यात मी पेशींवर संशोधन करणारा विद्यार्थी होतो. वडिलांना मधुमेह. शेतात पऱ्हाटीचं धसकट पायात घुसलं. पाय बधिर, म्हणून त्यांना ते कळलंच नाही. दोन महिने झाले तरी जखम भरत नव्हती.

रात्री ओसरीवर त्यांनी विचारलं, "तू तिकडं पुण्याले करतं तरी काय?"

मी सांगितलं, माणसाच्या कातडीच्या पेशी आम्ही बशीत वाढवतो. त्यांना साखर, क्षार, सगळं देतो. पण नुसत्या खाण्यानं पेशी वाढत नाही. 'आता वाढ' असा निरोप तिला मिळावा लागतो. शरीरात हा निरोप काही प्रथिनं देतात. त्यांना वाढघटक म्हणतात. कातडीच्या पेशींना निरोप देणारं असं एक प्रथिन म्हणजे ईजीएफ. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी कुलूप असतं; त्यात ही किल्ली बसली की पेशी विभागू लागते.

बाबा म्हणाले, "मंग त्यातला एक थेंब माह्या पायावर काऊन नाही टाकत?"

मित्रहो, प्रश्न अगदी रास्त होता. माझं उत्तर मात्र 'नाही' असं होतं, आणि ते बापाला समजावणं सोपं नव्हतं.

ईजीएफचा शोध अमेरिकेतल्या स्टॅन्ली कोहेन यांनी लावला. उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचल्यावर त्यांचे डोळे नेहमीपेक्षा काही दिवस आधीच उघडले. त्या अर्कातलं कोणतं द्रव्य हे घडवतं, ते त्यांनी शोधून काढलं. १९८६ साली त्यांना आणि रिटा लेव्ही-मोन्टालचिनी यांना नोबेल मिळालं. पण लाळग्रंथींतून असं किती प्रथिन निघणार? आणि माणसाचं हवं असेल तर आणायचं कुठून?

याचं उत्तर बाबांना अर्धं माहीत होतं. आदल्या वर्षी, २००२ मध्ये, बीटी कपाशीला परवानगी मिळाली होती आणि गावात चर्चा तिचीच. मी म्हटलं, "बाबा, बीटीत जिवाणूचा गुण कपाशीत घातला. आम्ही उलटं करतो. माणसाचा गुण जिवाणूत घालतो." ईजीएफची कृती सांगणारा माणसाचा जनुक ई. कोलाय नावाच्या जिवाणूत बसवतात. हा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. मग त्याच्या पेशी फोडून हवं ते प्रथिन वेगळं काढतात, शुद्ध करतात आणि गोठवून सुकवतात. बाटलीच्या तळाशी डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पांढरा थर उरतो. मोजमाप मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. पेशींना त्याहूनही कमी लागतं.

अशा बाटलीवर एक ओळ छापलेली असते : 'फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही'. जिवाणूच्या आवरणाचे अंश मालात राहिले आणि ते रक्तात गेले तर ताप येतो, प्रसंगी जिवावर बेततं. बशीतल्या पेशींसाठी जी शुद्धता पुरते, ती उघड्या जखमेला पुरत नाही. शिवाय 'वाढ' हा निरोप कर्करोगाच्या पेशीलाही कळतो. किती द्यायचं, किती दिवस, कोणाला द्यायचं नाही, हे माणसांवर रीतसर चाचण्या घेतल्याशिवाय ठरत नाही.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग आत जाऊन सरकीचं पाकीट घेऊन आले. बियाण्याला विष लावलेलं आहे, खाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं होतं. म्हणाले, "म्हंजे हे पेरायचं हाय, खायाचं नाही. तसंच ना?"

मी इतकं बोललो होतो, त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं.

पुढे अमरावतीला उपचार झाले. साखर आटोक्यात आणली, मेलेलं मांस काढलं, रोज ड्रेसिंग केलं, पायावर भार द्यायचा नाही अशी सक्त ताकीद मिळाली. एक बोट गेलं, पाय वाचला.

काही वर्षांनी हैदराबादच्या भारत बायोटेकनं याच मानवी ईजीएफचं मलम मधुमेही जखमांसाठी आणलं. अमेरिकेत अशाच दुसऱ्या एका वाढघटकाच्या मलमाला १९९७ मध्ये मंजुरी मिळाली होती. २००८ मध्ये त्यावर कर्करोगाच्या धोक्याची ठळक सूचना छापावी लागली. अधिक माहिती हाती आल्यावर २०१८ मध्ये ती काढली. मंजूर झालेल्या औषधावरही वीस वर्षं अशी नजर ठेवावी लागते. मग माझ्या बाटलीतला थेंब कोणत्या भरवशावर टाकायचा होता?

तरीही ती बाटली बिनकामाची नव्हती. कातडी कशी भरते, गाठ कशी वाढते, हे आधी बशीतच कळतं. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतं, ते याच कामासाठी. बशीतून जखमेपर्यंतची वाट लांब आहे, आणि ती लांब आहे तेच बरं आहे.

घरात कोणाला मधुमेह असेल तर एवढं करा : रोज रात्री पाय धुऊन तळवे उजेडात पाहा. बाबा शेवटपर्यंत पाहत होते.