आमच्यामागे याचं कोण बघणार?

बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना एकच घोर लागलेला असतो: आमच्यामागे याचं कोण बघणार?

बौद्धिक दिव्यांगत्वाच्या क्षेत्रातली केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला, मनोविकासनगरात आहे. 1984 साली ती सुरू झाली. विशेष शिक्षक घडवणं आणि पालकांना मार्गदर्शन करणं ही कामं तिथे चालतात. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रौढांच्या कायम निवासासाठी ‘घरौंदा’ योजना आली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार निवासी संस्थांना नोंदणी सक्तीची आहे.

पण नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे चांगली देखभाल नव्हे. संस्था बघायला जाल तेव्हा बारकाईने बघा. प्रत्येकाचा टॉवेल, टूथब्रश वेगळा आहे का? न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का? घास भरवून जेवण उरकतात, की सांडलं तरी आपल्या हाताने जेवू देतात? आज कुठला शर्ट घालायचा, हे कोण ठरवतं? औषधांची वही रोजच्या रोज भरतात का? रात्री किती माणसं कामावर असतात? आणि न कळवता आलेल्या पालकांना आत सोडतात का?

मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. पालकहो, आपले हातपाय चालताहेत तोवरच ही व्यवस्था लावा आणि ती लावताना मुलालाही विचारा.