अर्धशिशी आणि आपला विद्यार्थी



वाचता वाचता अक्षरे दिसेनाशी होतात, डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा पसरतात आणि थोड्या वेळाने अर्धे डोके ठणकू लागते, अशी तक्रार मुलाने केली तर तो अभ्यासाचा कंटाळा समजू नका. ही अर्धशिशी असू शकते. अरबीत हिला ‘शकीका’ म्हणतात. इब्न सीना यांनी आपल्या वैद्यकग्रंथात हिचा विचार केला आहे.

यात दोष डोळ्यांचा नसतो, म्हणून चष्मा बदलून ती जात नाही. मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून एक लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकते. कार्ल लॅशली या शास्त्रज्ञाने १९४१ साली स्वतःच्याच त्रासावरून हा हिशेब मांडला. रेषांचा हा खेळ बहुधा ५ ते ६० मिनिटांत ओसरतो.

निमित्ते प्रत्येकाची निराळी असतात: परीक्षेचे जागरण, रिकामे पोट, पाणी कमी पिणे, वाशीमचे मे महिन्यातील रखरखीत ऊन. आपले निमित्त कोणते, हे वहीत तारीखवार लिहा. रमजानमध्ये सहेरी चुकवू नका. त्रास फार असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्या. आजाऱ्यास रोजे मागाहून पूर्ण करण्याची सवलत आहेच. मनाने वरचेवर गोळ्या घेतल्यास डोकेदुखी उलट वाढते.

असे प्रथमच घडले, तासाहून अधिक टिकले, हातपाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

मुलगा असो वा मुलगी, त्याला रागावण्याआधी त्याचे ऐकून घ्या. वेळीच ओळखलेल्या दुखण्यामुळे शिक्षण थांबत नाही.